तसलं काय न्हाय, साहेब

आमच्या घरात शिव्या चालायच्या, भांडणं चालायची, आईने भाकरी पळवणाऱ्या मांजराला वाहिलेली लाखोली तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची, पण एक शब्द मात्र कुणी तोंडातून काढायचा नाही. तो शब्द म्हणजे अपघात. आबा, माझे वडील, दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. निरवांगीतून निघायचं, वाटेतल्या गावांतलं दूध घेत बारामती गाठायची आणि टँकर रिकामा करून परत यायचं, असा त्यांचा रोजचा रस्ता. पहाटे स्टोव्हचा भरभर आवाज, त्यावर चहा, बाहेर आबांचं टायरवर पाना मारून हवा जोखणं, ठण् वाजलं तर बरं, थप्प वाजलं की आबांचं पुटपुटणं. एवढे आवाज झाले की आमच्या घरात दिवस उजाडला असं समजायचं. आणि त्या साऱ्या वेळात कुणी चुकूनही तो शब्द उच्चारला, तर आबा चहाची बशी खाली ठेवायचे, चपला काढून पुन्हा घरात येऊन बसायचे आणि घटकाभराने नव्याने निघायचे. दूध नासायची वेळ आली तरी हे चुकायचं नाही.

यातली गंमत अशी, की आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हाच आमच्या घरातले देव नीरेच्या पाण्यात गेले होते. उपास नाही, अंगारा नाही, नवस नाही. बाकीचे ड्रायव्हर बंपरला लिंबू-मिरची बांधायचे तेव्हा आबा त्यांची टर उडवायचे. “आरं, ती मिरची भाकरीसंगं खाल्ली असती तर अंगाला तरी लागली असती,” असं म्हणून खो खो हसायचे. दर रविवारी विहारात पहिल्या ओळीत बसणारा, अंधश्रद्धेवर पोरांना दटावणारा हा माणूस त्या एका शब्दापुढे मात्र हात टेकायचा. कुठं काही घडलं तर आम्ही ‘तसलं’ म्हणायचो. “काझडच्या वळणावर तसलं झालं म्हणं,” असं आई दबक्या आवाजात सांगायची आणि आबा विषय बदलायचे. आबांच्या हातून आयुष्यात तसलं कधी झालं नव्हतं, आणि ते न होण्यात आपल्या डोळ्यांचा, हाताचा, ब्रेकचा जेवढा वाटा, तेवढाच घरातल्यांच्या जिभेचा, असा त्यांचा ठाम समज होता. मला लहानपणी याचं काही वाटायचं नाही. पुढे वाटलं, आणि एवढं वाटलं की अजून आठवलं तरी मी दातओठ खाते.

मी खो-खो खेळायची. नुसती खेळायची नाही, मला खो-खोचं वेड होतं. शाळेत जाताना बाभळींना खांब समजून वळसे घालायचे, घरात चुलीपुढून उठताना सुद्धा खो मिळाल्यासारखी उठायचे. “ही पोरगी चालत का न्हाय कुठं? सारखी उधळल्यावानी,” असं आई म्हणायची. आमचे क्रीडाशिक्षक गावडे सर. अंगाने हडकुळे, पण शिट्टी अशी मारायचे की रानात वाकलेल्या बायका ताठ उभ्या राहायच्या. त्यांनी मला सूर मारायला शिकवलं. समोरचा गडी खांबाला हात टेकून वळसा घेतो, त्याच क्षणाला खांबाच्या आधाराने अंग पुढे झोकून द्यायचं आणि जमिनीवर पडता पडता त्याच्या पाठीला बोटं लावायची. बघणाऱ्याला वाटतं पोरगी पडली. पडत नाही ती. झेपावते. हा फरक मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावा लागला आहे, आणि एका माणसाशिवाय अजूनही कुणाला नीट समजलेला नाही.

त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर गावडे सरांनी आम्हाला मैदानात बसवून सांगितलं, की शाळेनं साऱ्या मुलामुलींचा विमा उतरवलाय. “खेळताना हातपाय मोडला, तर दवाखान्याचा खर्च कंपनी देणार. तवा आता भ्यायचं न्हाय, बिनधास्त सूर मारायचे,” असं सर म्हणाले आणि आम्ही पोरी हसून हसून लोळलो. माझी मैत्रीण मंदा म्हणाली, “सर, मग आदी गणिताच्या सरांचा मोडू का?” विमा म्हणजे काय हे आम्हाला कळलं नाही आणि सरांना तरी कितपत कळलं होतं कोण जाणे. त्यांना कागद आला होता, त्यांनी वाचून दाखवला होता. आज मी स्वतः शाळेत शिकवते. असा कागद माझ्याही हातात येतो. तेव्हा मी तो शेवटच्या बारीक ओळीपर्यंत मोठ्यानं वाचते, पोरं कंटाळून जांभया देतात, देऊ देत.

इंदापूरला आमचा संघ जिंकला आणि पुढच्या सामन्यांसाठी आम्ही बारामतीला गेलो. जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडणारी मंडळी तिथं येणार होती. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “संगे, आज तू दिसली पायजेस.” जिल्ह्यात निवड झाली तर पुढे राज्य, आणि राज्यातून खेळलेल्या पोरींना नोकरीतसुद्धा जागा असतात, असं आम्ही ऐकून होतो. खरं सांगायचं तर नोकरीचं मला काही नव्हतं. मला फक्त खेळत राहायचं होतं. दहावी झाली की माझ्या चुलतबहिणींची लग्नं लागत, मैदान सुटे आणि मग त्या मैदानाच्या कडेने डोक्यावर पाटी घेऊन जात. निवड झाली तर माझं मैदान सुटणार नव्हतं, एवढा सरळ हिशेब माझ्या डोक्यात होता.

आबांनी त्या दिवशी टँकर रिकामा केला आणि दुधाच्या वासाच्या कपड्यांनिशी मैदानावर येऊन उभे राहिले. आम्ही पाठलागावर होतो. समोरच्या संघातली उंच पोरगी आम्हाला दमवून हसत होती. तिने खांबापाशी वळसा घेतला आणि मी सूर मारला. माझी बोटं तिच्या पाठीला लागलेली मला आजही आठवतात. शिट्टी वाजली, गडी बाद झाला. पण तिचा तोल गेला आणि ती सगळ्या अंगानिशी माझ्या वाकलेल्या गुडघ्यावर आली. आत काहीतरी ओली फांदी पिळल्यासारखं झालं. मी ओरडले नाही, आधी पंचांकडे बघितलं, बाद दिलाय ना म्हणून. मग उठायला गेले तर पाय माझा नव्हताच.

आबांनीच मला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, बाहेर रांग होती, ते गुडघा दाबत दाबत विचारत होते. “अपघात आहे का?” त्यांनी मान वर न करता विचारलं. माझ्या डोक्याखाली आबांचा हात होता, तो एकदम ताठ झालेला मला कळला.

“न्हाय न्हाय, तसलं काय न्हाय, साहेब,” आबा घाईघाईने म्हणाले. “पोरगी खेळत हुती.”

“म्हणजे अपघात नाही ना? असला तर पोलिसांना कळवावं लागतं.”

“अजिबात न्हाय. आमच्यात तसलं कदी झालेलंच न्हाय.”

डॉक्टरांनी तसं लिहिलं. मी तिथेच होते, ऐकत होते, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मलाही अपघात म्हणजे मोटारीचाच ठाऊक होता. खेळताना लागलं तर त्याला लागलं म्हणायचं. गुडघा प्लास्टरमध्ये गेला आणि मी टँकरच्या केबिनमध्ये बसून घरी आले. आबा एवढे सावकाश चालवत होते की सायकलवाले पुढे निघून जात होते.

मग सुरू झाली खाटेवरची कैद. आईने बोकडाच्या पायांचं कालवण एवढं पाजलं की मला त्या वासानेच उमासे यायला लागले. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी पायांचं कालवण, संध्याकाळी शेजारच्या ताराकाकूंनी आणलेला कसलासा लेप. येईल ती बाई प्लास्टरवर टकटक करून बघायची आणि पोरीच्या जातीला उड्या कशाला हव्यात असं आईला विचारून जायची. प्लास्टर निघालं तर गुडघा लुळा. उभं राहिलं की आतल्या आत सरकायचा. बारामतीच्याच डॉक्टरांनी सांगितलं, आतली शीर तुटलीय, पुण्याला ऑपरेशन करावं लागेल, दिवाळीच्या आत झालं तर पोरगी पळेल, नाहीतर नुसती चालेल. खर्च ऐकून आबा बराच वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिले. आबांच्या पगारात ते बसणारं नव्हतंच. पण गावडे सर म्हणाले, घाबरता कशाला, विमा आहे. त्यांनी सगळे कागद गोळा करून पाठवले.

कागद परत आले. दवाखान्याच्या नोंदीत अपघात नाही असं स्पष्ट म्हटलंय, आणि आमची पॉलिसी अपघाताची, असं कंपनीचं उत्तर होतं. गावडे सर तो कागद घेऊन आमच्या घरी आले. आईने चहा ठेवला. सर बिचारे सरळ मनाचे, त्यांना आमच्या घरातला दंडक कुठून माहीत असणार! “बघा आबा, खेळात झालेला अपघातसुद्धा अपघातच धरतात,” ते मोठ्याने समजावत होते. “अचानक झाला, बाहेरून मार बसला, की झाला अपघात. तुमी साहेबांसमोर येऊन फक्त म्हणायचं, की अपघात झाला. डॉक्टरांना सांगताना चूक झाली, अपघातच हुता.” सर पुन्हा पुन्हा तो शब्द म्हणत होते आणि आई दर वेळी स्टोव्हला जोराने पंप मारत होती. आबा उठले आणि बाहेर जाऊन टँकरच्या टायरवर पाना मारत बसले. ठण्, ठण्, ठण्. सर चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले. काय सांगणार मी त्यांना? माझ्या बापाला एक शब्द उच्चारता येत नाही म्हणून माझा पाय जाणार आहे, हे कसं सांगायचं असतं?

त्यानंतरचे दिवस मी घरात सगळ्यांशी भांडण्यात घालवले. आबा समोर असले की मी ताट सरकवून द्यायची. ते म्हणायचे, “संगे, दुसरं कायबी म्हणायला सांग. पडली म्हणतो, लागलं म्हणतो, मोडलं म्हणतो.” मी म्हणायची, “त्यांना ह्यो एकच शब्द पायजे, आबा.” एकदा मी संतापून तो शब्द म्हणायलाच तोंड उघडलं, तर आईने भाकरीच्या पिठाचा हात माझ्या तोंडावर दाबला. “बया, त्यांना गाडीवर जायचं हाय गं,” ती रडवेली होऊन म्हणाली. माझ्या ओठांना पीठ लागलं होतं आणि आबा पाठ करून चपला शोधत होते. मला दोघांचाही एवढा राग आला, की मी खाटेची दोरी नखाने उसवत बसले. देव सोडले, नवस सोडले, जात सोडली, आणि हे एवढंसं सोडवत नाही यांना! आज वय झाल्यावर लोक मला सांगतात, अगं, माणसाला कशाचा तरी आधार लागतोच. लागत असेल. तो माझ्या गुडघ्यावर टेकवायचा नव्हता.

शेवटी दिवाळी तोंडावर आली तेव्हा आबा आपणहून म्हणाले, “चल.” मी, आबा आणि गावडे सर बारामतीला कंपनीच्या ऑफिसात गेलो. ऑफिस वरच्या मजल्यावर. अपघात झालेल्या माणसांचं ऑफिस जिन्याच्या वर ठेवणाऱ्याला मी मनातल्या मनात आईची सगळी लाखोली वाहिली आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढले. आतले साहेब वाईट नव्हते. त्यांनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्यांचा राग करता आला असता तर किती बरं झालं असतं.

“तुम्ही डॉक्टरांना अपघात नाही असं का सांगितलंत?” साहेबांनी आबांना विचारलं.

“साहेब, नीट सांगतो,” आबा म्हणाले आणि त्यांनी सगळा डाव सांगायला सुरुवात केली. कोण कुठे बसलं होतं, खो कुणी दिला, ती उंच पोरगी कशी हसत होती. मला वाटलं नव्हतं त्यांनी एवढं बारकाईने बघितलं असेल. सांगता सांगता त्यांची छाती पुढे आली. “आन मग हिनं सूर मारला. सगळे म्हणत्यात पडली. पडली न्हाय, साहेब. जाणूनबुजून मारला हिनं सूर!”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “अहो, जाणूनबुजून म्हणू नका. जाणूनबुजून केलेलं पॉलिसीत बसत नाही.”

गावडे सरांनी आबांचा दंड दाबला. आबांनी माझ्याकडे बघितलं. साऱ्या जगात मला समजून घेतलेला तो एकच माणूस होता, मी पडले नव्हते हे त्यालाच दिसलं होतं, आणि मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते, की बोला, बोला एकदाचं. आबांनी दोन्ही तळवे पँटीला पुसले.

“झाला,” ते म्हणाले. साहेबांना नीट ऐकू गेलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. “अपघात झाला, साहेब. माझ्या पोरीचा अपघात झाला.”

साहेबांनी ते लिहून घेतलं, आबांची सही घेतली. मला वाटलं, झालं एकदाचं, आता पुणे. मग साहेब शांतपणे सांगायला लागले. आता दावा पुढे पाठवता येईल. एक्स-रे आणि प्लास्टरची बिलं मिळतील. औषधोपचाराला मर्यादा असते आणि ती तेवढ्यातच संपते. ऑपरेशनचा खर्च त्यात येत नाही.

“मग मोठी रक्कम कवा मिळती?” सरांनी विचारलं. “कागदावर हाय की.”

“ती पाय कायमचा निकामी झाला तर,” साहेब म्हणाले. आम्हाला मदत करावी अशा आवाजात त्यांनी पुढे सांगितलं, “दिवाळीनंतर डॉक्टरांकडून तसा दाखला आणलात, तर मी स्वतः पाठवतो वर.”

आबांना ते समजायला वेळ लागला. “म्हंजे पाय वाचवायला न्हाय मिळत,” ते सावकाश म्हणाले. “गेल्यावर मिळत्यात.”

“नियम तसा आहे,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी नजर टेबलावर वळवली.

मी उठले. कुणाला न सांगता उठले, कठडा न धरता जिना उतरायला लागले. गुडघा दर पायरीला आत सरकत होता आणि मला तो सरकलेलाच हवा होता. रस्त्यावर आले तर दिवाळीच्या खरेदीची गर्दी. उसाच्या ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, हातगाड्या, फटाक्यांचे स्टॉल, आणि मी त्यातून लंगडत, जमेल तेवढ्या जोरात चालले होते. मला माझ्या पायाने पुण्यापर्यंत जायचं असावं तशी. मागून आबा धावत आले, एका हातात माझी पिशवी, दुसरा हात ट्रॅक्टर थांबवायला वर केलेला.

“संगे, हळू चल गं! पडशील!”

मी वळले. सगळ्या बाजारात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, “पडू द्या की! हितं रस्त्यात पडले तर सगळेच अपघात म्हणतील!”

शेजारचा फटाकेवाला आमच्याकडे बघायला लागला. आबा पिशवी धरून तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांना रिकामा टँकर घेऊन परत फिरायचं होतं, आणि मी त्यांच्या तोंडावर, भर रस्त्यात, तो शब्द बोलले होते. मी वाट बघत होते. ओरडतील, चप्पल काढतील, चार लोकांत थोबाडीत मारतील, काहीही करतील. त्यांनी नुसता माझा दंड धरला आणि ट्रॅक्टर जाऊ दिला. त्या दिवशी त्यांनी मला एका शब्दानेही रागावलं नाही, घरी गेल्यावरही नाही, पुढेही कधी नाही. दिवाळी गेली, गुडघा गेला, दाखला आम्ही आणला नाही. पण आबा तेव्हा रागावले असते, तर मला आजही बरं वाटलं असतं.